मशीन जुनं चालेल, काच नवीच हवी

माझ्याकडची दोन्ही मशीन जुनी आहेत. वेल्डिंगचं मशीन डोक्यावर फिरवायचा दांडा असलेलं, चालू केलं की भुंग्यासारखं गुणगुणणारं. चेनसॉ माझ्या आधी इतरांनी वापरून झालेली. पण डोळ्यांपुढची काच, हातमोजे, ग्राइंडरची चकती आणि चेनसॉसाठीची संरक्षक पँट मी नवीच घेते, आणि जुन्या मशीनमुळे वाचलेले पैसे आधी तिकडे जातात. नोकरीभर मी लोकांचे हिशेब तपासले. काटकसर कुठल्या रकान्यात शोभते आणि कुठल्यात अंगाशी येते, एवढं त्यातून शिकले.

वेल्डिंग आणि लाकूड कापणं हे दोन उद्योग एका घरात करायचे तर जागा वेगळ्या हव्यात. वेल्डिंगची आणि ग्राइंडरची ठिणगी दहा मीटरांच्याही पुढे जाते, आणि वाळल्या भुशात पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही, आत धुमसत राहते. त्यामुळे जिथे लाकूड कापलं जातं तिथे वेल्डिंग नाही, आणि पेट्रोलचा कॅन त्या दोन्हीपासून लांब. वेल्डिंग संपल्यावर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, मी तिथेच काहीतरी आवरत बसते. पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडं हाताशी असतं.

वेल्डिंगचं मशीन बघताना

नवा रंग दिलेलं जुनं मशीन दिसलं की मला उलट संशय येतो. आपण थेट मागे जाऊन पाटी वाचायची. तिच्यावर ‘एक्स’ या अक्षरापुढे टक्के असतात आणि त्यांच्याखाली अँपिअर. १४० अँपिअरला २० टक्के लिहिलं असेल, तर दर दहा मिनिटांत दोन मिनिटं वेल्डिंग आणि आठ मिनिटं विश्रांती. छंदाला हे पुरतं, कारण जोडावर जमलेली खपली झाडणं, पुढचा तुकडा जुळवणं, गुण्या लावून बघणं यात आठ मिनिटं सहज जातात. करंट कमी ठेवला तर टक्के वाढतात. विकणारा म्हणाला की “दिवसभर चालवा, काही होत नाही,” तर मान डोलवा आणि पाटीवर विश्वास ठेवा.

त्याच पाटीवर मशीन घरच्या लाइनमधून जास्तीत जास्त किती अँपिअर ओढतं तेही असतं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनची भूक मोठी असते. आपल्या सर्किटला ती झेपते का हे खरेदीआधी वायरमनला विचारा, नंतर नाही. एक्स्टेन्शनची रीळ वापरणार असाल तर ती पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते आणि तिचं आवरण वितळतं.

मग नाक. जाळीजवळ जळक्या वॉर्निशचा वास आला तर कॉइल कधीतरी भाजली आहे. ते मशीन सोडा. गुणगुण चालते, खडखड नाही: ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या लोखंडी पट्ट्या सैल झाल्याची ती खूण. वायरमनकडून दोन गोष्टी तपासून घ्या: प्लगच्या अर्थ पिनपासून मशीनच्या पत्र्यापर्यंत वायर अखंड आहे का, आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (वीज कुठे झिरपते का ते तपासायचं यंत्र) कॉइल आणि पत्रा यांच्यात किती मेगाओहम दिसतात. अडीचच्या खाली काटा गेला तर मी भाव विचारायचंही थांबते.

केबल कडक झाली, रॉड धरणाऱ्या होल्डरची पकड ढिली झाली, अर्थ क्लॅम्पची स्प्रिंग मेली, हे दोष मला आवडतात. भाव पाडता येतो आणि सगळं नवं बसवता येतं. वेल्डिंग करताना क्लॅम्प तापत असेल तर तिथे जोड नीट बसत नाही असं समजा. क्लॅम्प नेहमी घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर आणि जोडाच्या जवळ लावायचा.

ट्रान्सफॉर्मर घ्यावा की इन्व्हर्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वेल्डिंग मशीन? इन्व्हर्टर हलका, आर्क (रॉड आणि लोखंड यांच्यातली विजेची ज्योत) गुळगुळीत, नवशिक्याला सोपा. पण जुन्या इन्व्हर्टरचं आतलं सर्किट कार्ड गेलं की दुरुस्ती नव्या मशीनच्या किमतीला टेकते. ट्रान्सफॉर्मरमध्ये तांबं किंवा ॲल्युमिनियम आणि लोखंड, बिघडण्यासारखं फारसं काहीच नाही. मशीन एका जागी राहणार असेल तर माझं मत ट्रान्सफॉर्मरला. उचलून नेणार असाल तर पाठीचा विचार करा.

जे जुनं घ्यायचं नाही

वेल्डिंगच्या हेल्मेटची काच: घरगुती रॉडकामाला १० किंवा ११ नंबरची (नंबर काचेच्या काळेपणाचा). आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलंत तर त्याचा सेन्सर आणि बॅटरी दर वेळी सुरू करण्याआधी तपासा. आर्क डोळ्याला लागला तर त्या क्षणी काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि उजेड सोसवत नाही. शेजारी उभं राहून “जरा बघतो” म्हणणाऱ्यालाही हेच होतं, म्हणून मी प्रेक्षक ठेवत नाही.

जुन्या सामानाच्या ढिगात राखाडी, जाडसर विणीचे वेल्डिंगचे हातमोजे किंवा आगरोधक कापड मिळालं तर हात लावू नका. जुन्या काळी त्यात ॲस्बेस्टॉस असायचं. चामड्याचे मोजे घ्या. अंगावर सुती कपडे, बाह्या पूर्ण, पँट बुटाच्या बाहेरून. नायलॉन, पॉलिस्टर नको. ते पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं.

ग्राइंडर जुना चालेल, पण चकतीवरचा गार्ड असलाच पाहिजे. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं; ती तिची मुदत, साधारण तीन वर्षांची. ग्राइंडरसोबत “या पण घेऊन जा” म्हणून मिळालेल्या चकत्या मी तिथेच परत देते. चकतीवरचे कमाल फेरे ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. आणि ग्राइंडरवर लाकूड कापायची दातेरी चकती लावायची कल्पना कोणी सुचवली तर त्याचं पुढचंही काही ऐकू नका.

रॉड आणि हात

सुरुवात ६०१३ रॉडने, अडीच मिलिमीटर जाडीच्या. पहिले दोन आकडे ताकदीचे: चौरस इंचाला ६०,००० पौंड. तिसरा आकडा १, म्हणजे कुठल्याही स्थितीत चालणारा. हा रॉड पेटायला सोपा आणि कमी व्होल्टच्या जुन्या मशीनवरही जळतो. ७०१८ जास्त ताकदीचा, पण त्याला ओल चालत नाही, आणि बऱ्याच जुन्या घरगुती मशीनवर तो धड पेटत नाही. छंदापुरता त्याचा हट्ट नको.

अडीच मिलिमीटरला ६० ते ९० अँपिअर, सव्वातीनला ९० ते १३०. दांड्याशेजारची आकड्यांची पट्टी जुन्या मशीनवर खोटं बोलते, म्हणून आकड्यापेक्षा वितळलेल्या लोखंडाचं डबकं बघा. रॉड सारखा चिकटत असेल तर करंट कमी आहे. शिंतोडे उडून कडेला चर पडत असेल तर जास्त आहे. पाच-सहा मिलिमीटर जाड पट्टीवर नुसत्या रेघा ओढत बसा. पातळ पत्र्यावर शिकायला गेलात तर फक्त भोकं पडतील.

रॉडचं टोक आणि लोखंड यांत रॉडच्या तारेएवढंच अंतर. नवशिका उजेडाला घाबरून रॉड वर उचलतो आणि मग सगळं विस्कटतं. रॉड किंचित कलता धरून आपल्याकडे ओढत आणायचा. खपली होणाऱ्या रॉडला ढकललं तर खपली जोडात अडकते. नजर उजेडावर नाही, त्याच्या मागे सरकणाऱ्या चमकदार डबक्यावर ठेवायची. ही नजर बसायला वेळ लागतो आणि ती कोणाला उसनी देता येत नाही.

भंगारातलं लोखंड वापरताना जस्ताचा मुलामा ओळखायला शिका: राखाडी, फुलाफुलांची चमक. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि लोखंड वितळतं १,५०० अंशांच्या आसपास, म्हणजे जोड व्हायच्या कितीतरी आधी त्याचा पांढरा धूर तुमच्या नाकात. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध प्यायचा सल्ला जगभरचे वेल्डर देतात. उपयोग होत नाही. असं लोखंड घेऊच नका. जोड पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर तर अजिबात नको, आर्कपाशी त्याचा विषारी फॉस्जीन वायू होतो. बंद डबा, ड्रम, पेट्रोलची जुनी टाकी: रिकामी दिसली, धुतली, वाळवली, तरी नाही.

पहिलं काम: लाकूड कापायची घोडी

गेट, खुर्ची, कुंडीचा स्टँड हे नंतर. चेनसॉने जखम करून घ्यायचा एक सोपा मार्ग म्हणजे जमिनीवर लोळणारा ओंडका पायाने दाबून कापणं. घोडी, म्हणजे ओंडका ठेवायचा फुलीच्या पायांचा सांगाडा, असली की ते बंद होतं. शिवाय तिचे जोड थोडे ओबडधोबड आले तरी चालतं.

४० बाय ४० बाय ४ मिलिमीटरचा अँगल (काटकोनात दुमडल्यासारखी लोखंडी पट्टी), ११० सेंटिमीटरचे चार तुकडे. दोन-दोन तुकडे पाठीला पाठ लावून फुलीसारखे ठेवा. पाठी सपाट असल्याने फट राहत नाही, हीच अँगलची गंमत. फुली पायापासून ७० सेंटिमीटरवर आणि पायांमध्ये अंतर ८० सेंटिमीटर. ओंडका बसतो ती खाच जमिनीपासून साधारण ५७ सेंटिमीटरवर येते, आणि वीत-सव्वा वीत जाडीचा ओंडका मांडीच्या वरच्या भागापाशी. मी बुटकी आहे, मला हे माप बसतं. उंच माणसाने पाय दहा सेंटिमीटर वाढवावेत.

दोन फुल्या ४५ सेंटिमीटर अंतरावर उभ्या करून खाली, पायांच्या निम्म्या उंचीच्याही खाली, आडवे अँगल लावा. आडवा अँगल वर घेतला तर कापता कापता चेन त्यावर आपटेल. आधी सगळीकडे फक्त टाके, म्हणजे ठिपक्याएवढे जोड, मारायचे, मग सपाट जमिनीवर उभी करून डुलते का बघायचं, मग जोड पूर्ण भरायचे. भरतानाही एका कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यावर उड्या मारत, नाहीतर लोखंड आकसून सगळा सांगाडा पिळवटतो.

वरच्या चारही हातांना आतून लाकडी पट्ट्या बोल्टने बसवा, बोल्टची डोकी पट्टीत बुडलेली. चेन चुकून लागली तर लाकडाला लागेल. पट्टी झिजली की बदलायची. हे न करता वापरली तर घोडी टिकेल, पण तुम्ही सगळा वेळ चेनला धार लावत बसाल.

चेनसॉ घेताना

आधी एक मर्यादा. मी जमिनीवर पडलेलं, कोणीतरी कापून दिलेलं लाकूड तुकडे करते. उभं झाड पाडणं हे वेगळं शास्त्र आहे, ते शिकवणाऱ्या माणसासमोर शिकायचं.

पाहायला गेलात की पहिल्यांदा सायलेन्सरला हाताची उलटी बाजू जवळ नेऊन बघा. गरम असेल तर विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवली आहे. थंड असताना सुरू न होण्याची तिची खोड तुम्हाला दिसू नये म्हणून. चहापाण्याला थांबा आणि थंड झाल्यावर दोरी ओढा.

सायलेन्सर बहुतेक मॉडेलवर दोन-तीन स्क्रूंनी निघतो. आतून पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत हवा. वरून खाली उभे ओरखडे असतील तर कोणीतरी तेल न मिसळता पेट्रोल भरलं आहे, आणि ती करवत फक्त सुट्या भागांसाठी घ्यावी. मला हा स्क्रू काढू न देणारे विक्रेते भेटले आहेत. “बाईमाणसाला कशाला त्यात पडायचं,” असंही ऐकलं. मी पाना पिशवीत ठेवला आणि निघाले. दाबाचं गेज लावता आलं तर १०० पीएसआयच्या खाली सौदा नाही.

पेट्रोलची नळी तडकलेली, कार्ब्युरेटरचा पडदा कडक झालेला, फिल्टर काळा, हे सगळं स्वस्तात बदलतं. बहुतेक “बंद पडलेल्या” करवती एवढ्यासाठीच विकल्या जातात. पण शरीर वाचवणारे भाग जागेवर हवेत: पुढचा चेन ब्रेक ढकलताच चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे, मंद चालू असताना चेन अजिबात सरकता कामा नये, तुटलेली चेन अडवणारा खालचा खुंट हवा, आणि मागच्या मुठीवरची कळ दाबल्याशिवाय रेस देता येता कामा नये. ब्रेक नसलेली फार जुनी करवत देखणी असते. ती भिंतीवर टांगा.

चेनला तेल पोचतं का हे बघायला बारचं, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या पात्याचं, टोक फिकट रंगाच्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोल आणि तेलाचं मिश्रण पुस्तिकेप्रमाणे. ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. जुन्या करवती २५ ला १ मागतात, म्हणजे ४० मिलिलिटर. मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपवा.

कानस

जुनी करवत घेणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. धार असलेली चेन जाड ढलप्या फेकते आणि स्वतःच लाकडात उतरते. पिठासारखा भुसा पडायला लागला, तुम्ही करवत दाबायला लागलात, कट एका बाजूला वळायला लागला, की थांबायचं.

या दातांचा आकार एका किड्याकडून आला आहे. १९४६ साली अमेरिकेत जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून चालत होते, लाकडाच्या रेषा उभ्या असोत की आडव्या. आजही चेनवर एक दात डावा, एक उजवा असतो, ते त्यामुळे.

म्हणून धारही दोन्हीकडून लावावी लागते. गोल कानस चेनच्या मापाची हवी: लहान करवतीवरच्या ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८ (चेनचे आकडे इंचात, कड्यांमधल्या अंतराचे). चेन ब्रेक लावा, बार शिकंज्यात घट्ट धरा, हातात मोजे. कानस दाताच्या आतून बाहेर, ३० अंशांच्या कोनात, पुढे जाताना दाब आणि परत येताना उचललेली. तिचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे. सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे दात लांब राहिले तर करवत वळून कापते.

दातापुढचा उंचवटा किती खोल कापायचं ते ठरवतो. दात झिजला की माथा खाली येतो आणि हा उंचवटा अडथळा होतो. दर तीन-चार धारांनी गेज ठेवून सपाट कानशीने तो उतरवा, माथ्यापासून ०.६५ मिलिमीटर खाली किंवा चेनवर लिहिला असेल तेवढा. घाईत जास्त उतरवला तर करवत हिसके देते, आणि तो हिसका मनगटाला कळतो.

कापताना

बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही लागू द्यायचा नाही. तो लागला की बार उसळून तोंडाकडे येतो, माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा कितीतरी जलद. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळलेला हवा, आणि उभं राहायचं बारच्या रेषेच्या थोडं डावीकडे.

घोडीच्या बाहेर लोंबणारा भाग कापताना आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. दोन फुल्यांच्या मधला कापताना उलट: आधी वरून एक तृतीयांश, मग खालून वर. असं केलं की लाकूड मिटून बार पकडत नाही. खालून कापताना करवत तुमच्याकडे ढकलली जाते, तेवढी तयारी ठेवा. जुन्या बांधकामातलं लाकूड असेल तर आधी लोहचुंबक फिरवा. एक खिळा अख्ख्या चेनची धार खातो.

फोडण्याची कुऱ्हाड जुनी मिळाली तर दांडा बदला, पात्याला वेल्डिंग लावू नका. आर्कच्या उष्णतेने तिथलं पोलाद तडकतं किंवा मऊ पडतं. जुन्या पाचरींची डोकी घण खाऊन छत्रीसारखी पसरलेली असतात आणि त्या कडांचे तुकडे गोळीसारखे सुटतात. ग्राइंडरने कडा उतरवा, मधूनमधून पाण्यात बुडवत. पोलाद निळं पडू द्यायचं नाही. गाठीवर घाव घालू नका, कडेकडेने फोडत आत या.

फोडलेलं लाकूड जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. ओलावा मोजायचा तर तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूला मीटरच्या सुया टोचा. बाहेरून मोजलेला आकडा नेहमी खुशामत करतो. २० टक्क्यांच्या खाली आलं की जाळायला घ्या. जाड, कठीण लाकडाला दोन वर्षंही लागतात. रंगवलेलं किंवा वाळवीविरोधी रसायन पाजलेलं लाकूड या थप्पीत येता कामा नये, त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी. मालाच्या लाकडी पॅलेटवर शिक्का बघा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, डाग-तेल नसेल तर ते जाळता येतं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते बाजूला काढा. शिक्काच नसलेलं पॅलेट मी जाळत नाही.